टँकर मी थांबवला

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर परवा डिकीवर उंच स्पॉयलर, म्हणजे पंखासारखी आडवी पट्टी, लावलेली गाडी दिसली आणि माझं डोकं तडकलं. दुष्काळात मी साखर कारखान्याच्या गॅरेजचा प्रमुख होतो. फिटर पाण्याच्या टँकरचा निखळलेला व्हॉल्व्ह बसवत होता, तेवढ्यात चेअरमनची गाडी आली. डिकीवरचा बुटका स्पॉयलर काढून त्यांना उंच हवा होता, लगेच.

"साहेब, वस्तीवर लोकं घागरी घेऊन बसलेत," टँकरचा ड्रायव्हर रज्जाक म्हणाला. "ह्या स्पॉयलरनं काय होतंय?"

"वारा गाडीला खाली दाबतो. वेगात ती उचलली जात नाही," मी म्हणालो.

"बैलगाड्यांच्या मागं कसला वेग, साहेब?"

तरी मी फिटरला चेअरमनच्या गाडीकडे धाडलं. त्या दिवशी टँकर गेलाच नाही. बोंब झाली तेव्हा चेअरमननी रज्जाकला कामचुकार ठरवून काढलं. मी शेजारीच उभा होतो.

वस्तीवर आजही त्यालाच शिव्या देतात. त्या मला द्या.