फोटोत सोडलेली जागा

अकोला स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या. एकीत कपडे आणि दुसरीत मी चांगली आई होऊ शकते याचे पुरावे. दुसरी जड होती. तिच्यात माझ्या दातांचा दाखला होता, घराच्या खिडक्यांची मापं होती आणि माझा स्वभाव शांत असल्याचं डॉक्टरचं पत्र होतं. ते पत्र मिळवताना मी त्या डॉक्टरशी दोनदा भांडले होते.

रिक्षावाल्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "समितीच्या हायेत काय? कपाशी पाह्याले आल्या?"

त्या वर्षांत वऱ्हाडात कपाशी बुडत होती आणि अभ्यास समित्यांचं पीक मात्र जोरात होतं. इस्त्रीचे कपडे घातलेला कोणीही परका माणूस समितीत धरला जाई. मी म्हटलं, "नाही हो. बहिणीची मुलगी दत्तक घेतलीय, तिला परदेशी न्यायचंय."

"मंग न्या ना! इचारता कोनाले?"

धाकटी बहीण आणि तिचा नवरा जीपच्या अपघातात गेले. त्यानंतर अचलपूरला चार माणसांसमोर मयुरीला माझ्या मांडीवर बसवलं, गूळ वाटला आणि सगळ्यांच्या लेखी विषय संपला. मी नोकरीवर परत गेले. वर्षभराने कोर्टानेही मान डोलावली. पण मी जिथे राहते त्या देशाचं (नाव घेत नाही, अजून तिथेच राहायचंय) काही समाधान होईना. नातं खरं असेल तर दोघींचे एकत्र फोटो कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. ते पटलं तरच मयुरीला तिथलं नागरिकत्व, नाहीतर ती अचलपुरात आणि मी सातासमुद्रापार.

मयुरी ज्यांच्याकडे राहत होती त्या तिच्या काकांनी मला न विचारता फोटो परस्पर पाठवून दिले. उत्तर आलं की फोटो संशयास्पद आहेत, पडताळणीला अधिकारी अमरावतीला येईल. ते वाचून मी तिकीट काढलं होतं.

अकोटमार्गे एसटीने हाडं खिळखिळी करत अचलपूर गाठलं. काकूंनी रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी वाढली. जेवताना काकांनी फोटो दाखवले आणि मी हातातला घास ताटात ठेवला. शाळेच्या दारात मी, वाढदिवसाला मी, बहिरमच्या जत्रेत मी. तिन्हीकडे तोच निळा, बर्फात घालायचा कोट आणि तेच हसू. मी काकांना पाठवलेला माझा एकुलता एक फोटो कापून सगळीकडे चिकटवला होता.

ही करामत चौकातल्या स्टुडिओवाल्या सलीमचाचांची. लग्नाला न आलेले मामा, आधीच वारलेले आजोबा, सगळ्यांना ते फोटोत आणून बसवत. याला तिथे मिक्सिंग म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

"चाचा, हे काय केलंत?" मी चिडून विचारलं.

"काहून? चांगल्या नाय दिसून राहिल्या का? सावली भी टाकली तुमची!"

दुसऱ्या दिवशी मयुरीला आणि चाचांना घेऊन मी अमरावतीला गेले. अधिकारी एका लॉजवर उतरला होता. मॅनेजरने त्यालाही समितीच समजून टेबलावर कपाशीची किडकी बोंडं मांडून ठेवली होती. ती बाजूला सारत तो दुभाष्यामार्फत म्हणाला, "हे फोटो खोटे आहेत. सावली उलट्या बाजूला पडलीय."

सावलीवर बोट ठेवल्याने चाचा दुखावले. "साहेब, मेहनत तं पाहा!" असं म्हणत त्यांनी पिशवीतून मूळ फोटो काढून टेबलावर पसरले. आता सगळंच बुडालं असं मला वाटलं.

मूळ फोटोंत मी अर्थातच नव्हते. पण प्रत्येक फोटोत सगळे एका बाजूला सरकून उभे होते आणि मध्ये माणूसभर जागा मोकळी होती. बहिरमच्या फोटोत मयुरीने एक हात वर धरला होता आणि त्या हातात काहीच नव्हतं.

अधिकाऱ्याने तो फोटो उचलला. "इथे तिने कोणाचा हात धरलाय?"

मयुरी म्हणाली, "मावशीचा. चाचा म्हने हात वर ठेव, मावशी मागून येते."

"ती येईल हे तुला माहीत होतं?"

"मंग! जागा सोडली होती ना."

पुण्याच्या दुभाष्याने 'मंग'चं काय करावं ते न कळून माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते. अधिकाऱ्याने फाइलवर दोन ओळी लिहिल्या: फोटो बनावट. नातं खरं.

परदेशी परतताना विमानात मयुरी खिडकीशी होती आणि पुराव्यांची बॅग रिकामी होती. पुढे तिकडच्या एका सभागृहात तिने झेंड्यासमोर शपथ घेतली, केक खाल्ला आणि नागरिक झाली. फोटोसाठी मी तिला जवळ ओढलं तर ती हटून लांब सरकली.

"मधात आईले बसवाचं हाय," ती म्हणाली. "चाचाले पाठवू."

मीही एक पाऊल सरकले. महिन्याभराने अचलपूरहून फोटो आला. परदेशी सभागृहात, झेंड्याखाली, आमच्या दोघींच्या मधोमध माझी बहीण लग्नातल्या शालूत उभी आहे. सावली या वेळी बरोबर पडलीय. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलाय. बहिणीला तिथे यायला एकही कागद लागला नाही.