टाचणी लागली असेल

शिवणाच्या कारखान्यात टाचण्या ओठांत धरायची बायकांची जुनी खोड. दोन्ही हात कापडात गुंतलेले, मग ठेवणार कुठे? त्यामुळे तोंडात काही खुपलं की उत्तर तयार: टाचणी लागली असेल. कॉलर लावणारी तीही तेच म्हणत राहिली. जिभेच्या कडेला पांढरट चट्टा, त्यात न भरणारी जखम. दुखतही फारसं नव्हतं, तिथेच घात झाला.

घरात काळजीचा मान नवऱ्याचा. तंबाखू तो खायचा ना! दर रविवारी ती त्याला खिडकीपाशी बसवून गाल ताणताणून बघायची. तिच्या तोंडात कोण बघणार? बाईमाणूस, चाळिशीही न गाठलेली, व्यसन म्हणाल तर चहाचं.

ती महिनाभर एकाच बाजूने चावते आहे, हे शेजारच्या मशीनवरच्या जावेने हेरलं.

"दाखव."

"काही नाही गं, टाचणी."

"महिनाभर? टाचणी होती की तलवार?"

जावेने दंडाला धरून दवाखान्यात नेलं. नवरा मागोमाग. बाकावर खोकणारे म्हातारे असतील असं तिला वाटलं होतं. होतेच. पण गालाला रुमाल लावलेली कॉलेजातली पोरगीही होती, कडेवर मूल घेतलेली एक बाईही.

डॉक्टरीणबाईंनी जीभ ओढून चट्टा चाचपला. "तुकडा काढून तपासावा लागेल."

"अहो, तंबाखू मी खातो!" नवरा उसळला, जणू रांगेत त्याचा नंबर कुणी मारला होता.

"तुमचंही बघते. हा रोग पुरुषांत जास्त, वय वाढलं की जास्त, तंबाखूने तर फारच. म्हणून बाकीच्यांना सोडतो असं नाही. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर दाखवायची, मग तोंड कुणाचंही असो."

अहवाल येईपर्यंत जीव टांगणीला. नवऱ्याने तंबाखूची पुडी खिडकीबाहेर भिरकावली, संध्याकाळी तीच शोधायला गेला आणि तिने बघितल्यावर ओशाळला.

कॅन्सरच निघाला. लहान होता, जिभेच्या कडेपुरता. ऑपरेशन ठरलं.

तिने एवढंच विचारलं, "बोलता येईल ना मला?"

"येईल. सुरुवातीला जड जाईल."

बाहेर येताच तिने जावेचा हात घट्ट धरला.

"चल, कारखान्यात जाऊ. जीभ धड आहे तोवर सगळ्याजणींना सांगून घेते."