ताडपत्रीकाकूंची पाणीपरीक्षा

मंगळवार, १० डिसेंबर २०१९. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी लोहाऱ्यातल्या ताडपत्रीकाकूंच्या दुकानात शिरलो आणि काखेतले गाठोडे त्यांच्यापुढे ठेवले. काकूंनी ते उलगडले, दोन्ही हातांनी उंच धरले आणि विचारले, "मिस्त्री, हे कुणाचं कातडं सोलून आणलं?"

समोर येईल त्या वस्तूला बिचकणे काकूंना ठाऊक नव्हते. टेम्पोची ताडपत्री, मांडवाची कनात, फवारणीच्या पंपाचा पट्टा, शाळेचे दप्तर. जे जे फाटते ते आपल्याकडेच यायचे, अशी त्यांची खात्री होती. दुकानावर पाटी नव्हती. खरे नाव मी कधी विचारले नाही. वयाने त्या माझ्याएवढ्याच, म्हणजे साठीपलीकडच्या. पण सारा तालुका काकू म्हणे, म्हणून मीही म्हणे.

गाठोड्यात वेटसूट होता. पाण्यात उतरताना थंडी लागू नये म्हणून घालायचा, अंगाला चिकटून बसणारा जाड रबरी पोशाख. माझा भाचा समुद्रकाठी पर्यटकांना बुड्या मारायला शिकवतो. त्याने आपला जुना मला दिला. मी चौतीस वर्षे पंप दुरुस्त केले. निवृत्तीनंतरही विहिरीत पडलेल्या मोटारी काढायला उतरत असे. पुढे सांधे धरू लागले आणि डॉक्टरांनी थंड पाणी बंद केले. या सुटामुळे ते पुन्हा उघडले. आता तो उजव्या गुडघ्यावर वीतभर फाटला होता. मुलाने बजावले होते, "सूट नाही तर विहीर नाही." दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावी पिण्याच्या विहिरीतली मोटार काढायची होती. सूट सांधला गेला नाही तर ती विहीर गेली, आणि पुढच्याही सगळ्या गेल्या. काकूंना मी यातले काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "आज हवा आहे."

काकू कोणतीही वस्तू हाती घेण्याआधी तिची चौकशी करीत. "फाटलं कसं ते आधी सांगा, मग शिवते. न्हायतर मी इकडं शिवणार, तुमी तिकडं फाडणार." एका टेम्पोवाल्याने ताडपत्री आपोआप फाटली असे सांगितले, तेव्हा त्यांनी ती तशीच घडी घालून परत दिली. "आपोआप फाटली ना? मग ऱ्हाऊ द्या, आपोआप जुळंल." तो अर्ध्या तासाने येऊन बाभळीचे नाव सांगून गेला.

मला विचारले, तेव्हा मी सांगितले, "विहिरीची कपार लागली." ते खरे होते. पूर्ण नव्हते.

काकूंनी फाटलेल्या कडा पुसल्या, रबर चिकटवायचे सोल्युशन लावले, थांबल्या, कडा जुळवल्या आणि वर लोखंडी इस्त्री ठेवली. इस्त्री उचलताच कडा सुटल्या. त्यांनी दुसरा डबा उघडला. पुन्हा तेच. तोवर दुकानात चार गिऱ्हाइके जमली होती. एक पागोटेवाले आजोबा म्हणाले, "काकू, आज तुमचा हात चालंना." दुकानाच्या तीस वर्षांत त्यांना असे कोणी म्हटले नसावे. त्यांनी सूट उचलला आणि गुडघ्याला नाक लावले.

"मिस्त्री, वास कशाचा येतोय?"

"विहिरीचा."

"विहिरीला ग्रीसचा वास कवापासून यायला लागला?"

पाइप सॉकेटात शिरत नसेल तर त्याला ग्रीस लावावे, हे मी आयुष्यभर केले. पाय सुटात शिरत नव्हता. मी पायालाही लावले. दोन वर्षे लावत होतो. ग्रीसने रबर सुजले, मऊ झाले आणि म्हणूनच कपारीला बळी पडले. हे मला फाटले त्याच दिवशी उमजले होते. चार माणसांत ते सांगायला आणखी पाच मिनिटे लागली.

ऐकून काकू आजोबांकडे वळल्या. "ऐकलं का? माझा हात चालतोय. यांचा पाय चालत न्हाय." मग मला म्हणाल्या, "माझं सोल्युशन दोनदा खोटं पाडलंत. मिस्त्री माणूस तुमी, अन् रबराला ग्रीस? बायकोच्या हातात बांगड्या भरताना कधी बघितलं न्हाय का? कासार काय ग्रीसचा डबा घेऊन बसतोय व्हय? हातावर पातळ पिशवी चढवतो, साबणाचं पाणी लावतो, बांगडी सुर्रकन् जाती. पायाला तेवढंच करायचं."

मी बायकोच्या हातात बांगड्या भरताना कधी पाहिले नव्हते. त्या वेळी मी नेहमी पंपावर असे.

"पण या वयात विहिरीत जायचंच कशाला?" त्यांनी विचारले.

"दुसरे काही येत नाही," मी म्हणालो. मग मुलाची अट आणि उद्याची विहीर, दोन्ही सांगितले.

काकूंनी साबण पुढे ओढला. "मलाबी दुसरं काय येतंय?" त्या म्हणाल्या. "मग नीटच करावं लागंल."

त्यानंतरचे काम मी शिकण्यासाठी पाहिले. भांड्याच्या साबणाने सुटाचा गुडघा तीनदा धुतला, साध्या पाण्याने तीनदा. सावलीत वाळवला. मी उन्हात ठेवू का असे विचारले, तर म्हणाल्या, "रबर म्हंजे पापड न्हाय." कडांना सोल्युशनचा पातळ थर दिला, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबल्या, पुन्हा दिला, मग कडा जुळवून दाबल्या. वाकडी सुई घेऊन आतून टाके घातले, तेही रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंत. "सुई आरपार गेली की पाण्याला दार सापडतं." वरून ठिगळ म्हणून एका पोराच्या बाटलीचे जुने रबरी कव्हर कापून लावले. त्या काहीच फेकत नसत. कव्हरावर पिवळे बदक होते. मी बदकाकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "बदक बुडत न्हाय. ऱ्हाऊ द्या."

चार वाजता मी सूट घ्यायला हात पुढे केला. काकूंनी तो मागे घेतला. पाणी दाखवल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा दुकानाचा नियम होता. ताडपत्रीवर त्या घागर ओतत. एका गुरुजींची छत्री शिवली, तेव्हा गुरुजींना भर दुकानात छत्रीखाली उभे करून वरून बादली ओतली होती. दुकानामागे जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. काकूंनी त्याकडे बोट केले.

पायात पिशव्या चढवून, साबणाचे पाणी लावून मी आडोशाला सूट घातला. खरोखर सुर्रकन् गेला. बाहेर आलो, तेव्हा हौदाभोवती वीसेक माणसे होती आणि एक म्हैस. मी हौदात बसलो. सुटाच्या गळ्यातून पाणी आत शिरले, तसे मी दचकलो. "गळतंय!" काकू ओरडल्या.

मी समजावले की हा सूट कोरडा राहत नसतो. थोडे पाणी आत यायचेच. अंगाच्या उबेने ते कोमट होते आणि तिथेच थांबते. तीच खरी ऊब. ते सारखे वाहत राहिले, तरच थंडी वाजते.

काकूंनी विचार केला. "म्हंजे घरजावयासारखं. आत आलं की हलायचं न्हाय."

"बरोबर."

"गुडघ्याला वाहतंय का?"

मी दहा मिनिटे बसून राहिलो. गुडघ्याला वाहत नव्हते. "नाही," मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हैस माझ्या खांद्यापाशी तोंड घालून पाणी प्यायली. पागोटेवाले आजोबा म्हणाले, "मिस्त्री, भिऊ नका, म्हैस गरीब आहे."

निघताना काकूंनी बोटावर मोजून सांगितले: दरवेळी साध्या पाण्याने धुवायचा, उलटा करून सावलीत वाळवायचा, तारेवर टांगायचा नाही, घडी घालून ट्रंकेत दाबायचा नाही, आणि ग्रीस दिसले तर परत यायचे नाही. मी हे सारे पाळले. म्हणून पुन्हा त्यांच्याकडे जाण्याचा प्रसंगच आला नाही. सूट अजून आहे. काकू वारल्या, ते मला चार महिन्यांनी कळले, तेही ताडपत्री घ्यायला गेलेल्या दुसऱ्याच माणसाकडून. त्या हयात असताना मी लोहाऱ्यावरून अनेकदा गेलो होतो. फाटलेले काही हाती नसताना त्या दुकानात जाऊन काय बोलावे, हे मला सुचले नाही. आता वाटते, काहीतरी फाडून न्यायला हवे होते.

त्या दिवशी सहाच्या सुमारास घरी पोचलो. मुलाने सूट घेतला, गुडघा दोन्ही हातांनी ताणला, नखाने ठिगळाची कड उचकटून पाहिली. ती हलली नाही. बदकाकडे पाहून त्याने मान खाली घातली. बहुधा हसू लपवण्यासाठी. मग सूट परत दिला.

मी शेजारच्या गावी फोन लावला. सांगितले, उद्या दहाला येतो, काठावर दोन जाणती माणसे ठेवा, आणि मी पाण्यात असताना कुणी मोटार चालू करू नये म्हणून स्टार्टरचा फ्यूज आत्ताच काढून स्वतःच्या खिशात घाला. पलीकडून फ्यूज काढल्याचे कळेपर्यंत मी फोन ठेवला नाही.