काकांचे दोन मॉनिटर

काका लॅपटॉपला पालथा हात लावून बघत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग म्हणत, "आत्ता चालतंय गं, पण बिजली गुल झाली तर?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काही बिघडलेलं नसतानाच यांच्या जिवाला घोर. ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या घरात काका-काकू वरच्या मजल्यावर राहायचे. काकांचा जन्म काशीतलाच, नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात; शंका घेणं हाडात मुरलेलं. मी खाली राहते आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे माझी सुटका नव्हती.

काकूंना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. पुण्याच्या एक थेरपिस्ट बाई रोज सकाळी व्हिडिओवरून त्यांना बोलायला शिकवायच्या. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर काकूंना धड दिसेना, म्हणून काकांनी दोन मोठे मॉनिटर जोडले. एकावर बाईंचा चेहरा, दुसऱ्यावर चित्रं.

लॅपटॉप भाच्याने दिलेला, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा. त्यात दोन ग्राफिक्स कार्डं. एक वीज जपणारं, दुसरं ताकदीचं पण तापणारं. बाहेरचे मॉनिटर नेमके त्या दुसऱ्यावरच चालत. ते चालू ठेवलं की पंखा घरघरायचा, इन्व्हर्टर लवकर उतरायचा. म्हणून काका धडा संपला की ते कार्ड बंद करत आणि सकाळी पुन्हा सुरू. दर वेळी लॅपटॉप बंद करून चालू करावा लागे, आणि दर वेळी काकांचा तोच प्रश्न. "होईल ना गं सुरू?"

एका सकाळी नाही झालं. काका जिन्यातून ओरडले, "अगं, लौकर वर ये! दोन्ही काळे!"

आदल्या दिवशी अपडेट झालं होतं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला होता आणि ताकदीचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, त्याच्याशी जुळत नव्हता. फोनवर बाई म्हणाल्या, "काका, आज राहू दे. उद्या घेऊ."

"नको हो. समोर काही दिसलं नाही की ही भिंतीकडे तोंड करते. मग दिवसभर घास घेत नाही."

काकूंनी मान वळवायला सुरुवात केलीच होती. मी लॅपटॉप पुन्हा सुरू केला, जुना गाभा निवडला. काका टेबलाखाली शिरून वायर दाबून बसले, जणू तीच पळून जाणार होती.

आधी डावा मॉनिटर उजळला, मग उजवा.

"काकू, हे काय आहे?" बाईंनी पाण्याच्या पेल्याचं चित्र दाखवलं.

काकूंनी चित्राकडे पाहिलंच नाही. त्या टेबलाखाली बघत होत्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "अ... हो."

काकांना मारलेली हाक; आजारानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द. मी म्हटलं, "काका, बाहेर या ना!"

"नको, वायर हलेल," ते म्हणाले. धडा संपेपर्यंत ते तिथेच बसून राहिले.

मग शब्द वाढत गेले. हिवाळ्यात त्यांच्या पुण्यातल्या लेकीने दोघांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. मॉनिटर रजईत गुंडाळले गेले.

निघायच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी ई-रिक्षा उभी होती. काकू आत बसलेल्या. काका कुलूप बघून आले, मग गॅस आठवला म्हणून परत गेले, मग पुन्हा कुलूप ओढून बघायला. तरीही पाय मागे वळले, तेव्हा रिक्षातून हाक आली, जड पण स्पष्ट: "आता पुरे. बसा."

काका निमूट चढले. रिक्षा वळली तेव्हा मला दिसलं, काकूंनी त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती, पुन्हा उतरू नयेत म्हणून.