हत्यारं बाहेर

आमच्या बटालियनची पोस्टिंग आफ्रिकेत झाली, शांतिसेनेत. मी मेडिकलचा हवालदार. निळं हेल्मेट, पांढरी गाडी, आणि गोळी कधी चालवायची याचे इतके नियम की ते वाचून होईपर्यंत माणूस मरावा.

कॅम्पच्या तारेला लागून निर्वासितांची वस्ती होती. तिथे एका मदतसंस्थेच्या तंबूत डॉ. हॉलवे दवाखाना चालवायचे. इंग्रज, साठी उलटलेली, पायात टायरच्या चपला. त्यांच्या मदतीला मला दिलं होतं. दारावर पहारा नाईक संतोष बोडकेचा. तो आमच्या मुळशी तालुक्यातलाच, माण गावचा.

डॉक्टर खाणकामगाराचे चिरंजीव. ब्रिटिश सैन्यात सर्जन होते, दोन लढाया बघितलेल्या. पेन्शनीत गेल्यावर गावात दवाखाना टाकला, पण मन लागेना. बायको वारली तशी बॅग भरून परत लढाईच्या मुलखात आले, या वेळी युनिफॉर्मशिवाय. "युनिफॉर्ममध्ये होतो तेव्हा आपला माणूस आधी घ्यायचो," चहा पिताना त्यांनी मला सांगितलं. "आता ज्याचं रक्त जास्त जातंय तो आधी."

त्यांचा नियम एकच. तंबूसमोर बाभूळ होती. हत्यार तिच्यावर टांगायचं, मगच आत यायचं. आमचे मेजरसाहेब एकदा पिस्तुलासकट आत आले. डॉक्टरांनी टाका घालता घालता मान हलवली. "ट्री, प्लीज." मेजरसाहेब मुकाट बाहेर गेले.

एके दिवशी सकाळी एका टोळीचे लोक त्यांचा जखमी घेऊन आले. पोटात गोळी होती. रायफली गुमान बाभळीवर टांगल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, मी हाताखाली होतो. माणूस वाचला. टोळीचा म्होरक्या रडला, डॉक्टरांच्या हाताचे मुके घेतले. आणि मग त्याची नजर कोपऱ्यातल्या खाटेवर गेली. तिथे विरुद्ध टोळीचा एक जखमी होता, पाय तुटलेला.

टोळीवाले बाहेर गेले आणि त्याच बाभळीवरून रायफली काढल्या.

संतोष दारात आडवा झाला. "नो वेपन इनसाइड!"

मी रेडिओवर ओरडलो. "दवाखान्यावर हल्ला. फायरची परवानगी द्या. ओव्हर."

"स्टँड बाय. आउट."

वस्तीत परवानगीशिवाय फायर करायचा नाही, असा हुकूम होता. संतोषने हुकूम पाळला. गोळी त्याच्या मांडीच्या सांध्यात लागली. डॉक्टर रिकाम्या हाताने बाहेर धावले, गुडघे टेकले आणि जखमेत मूठ घालून रक्त दाबून धरलं. म्होरक्याने त्यांनाही पाठीत गोळी घातली. डॉक्टर कलंडले, पण मूठ सोडली नाही. मी पोहोचलो तेव्हा म्हणाले, "होल्ड हियर." माझी मूठ तिथे बसल्यावरच त्यांनी आपली काढली. ते लगेच गेले. संतोष हेलिकॉप्टरच्या क्लिअरन्सची वाट बघत गेला. कोपऱ्यातल्या जखमीला टोळीवाल्यांनी खाटेवरच मारलं.

आणि ज्याचं पोट शिवलं होतं त्याला मागे टाकून पळाले. त्याचं ड्रेसिंग टाके निघेपर्यंत मी केलं, कारण नियम डॉक्टरांचा होता. प्रत्येक वेळी नंतर हात दोनदोनदा धुवायचो. त्या म्होरक्याची किळस यायची, रेडिओवरच्या त्या थंड आवाजाची त्याहून जास्त.

वाटलं होतं, याहून घाण काही बघावं लागणार नाही. रिटायर होऊन पिरंगुटला आलो. यंदा माणमध्ये संतोषचं स्मारक करायचं ठरलं. दगडाचा खर्च भूगावच्या एका बिल्डरने उचलला. मी म्हणालो, खाली डॉक्टरांचंही नाव घाला.

"गोऱ्याचं नाव कशापायी, हवालदार?" कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. "त्यो काय आपल्या मातीतला हाय व्हय?"

"इंग्रजांनी लुटलं आपल्याला. स्वाभिमान आहे की नाही?" बिल्डर म्हणाला. या गृहस्थाच्या प्रत्येक सोसायटीच्या कमानीवर विलायती नाव! दगडाच्या नमुन्यावर त्याचं स्वतःचं नाव संतोषच्या नावापेक्षा मोठं होतं. बोलायचं सोडाच, तिथे बसायचीही मला शिसारी आली.

संतोषची आई मागे बसली होती. ती उठली.

"माज्या पोराच्या जखमंत हात घालून कोन बसलं व्हतं? तुमी व्हता?"

पुढे येऊन तिने नमुन्यावरच्या संतोषच्या नावावर बोट ठेवलं.

"त्याचं नाव नसंल तर माज्या संतोषचं बी नगं. तुमचा दगुड तुमाला लखलाभ."

दगड बसला. 'वीर जवानांना अभिवादन', आणि खाली बिल्डरचं नाव. एवढंच. येता-जाता मी तिकडे बघत नाही.

संतोषच्या आईने, आमच्या काकींनी, आपल्या जागेत आयटीतल्या मुलांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्यात. तिथल्या फाटकाच्या खांबावर मी ऑइलपेंटने दोन नावं लिहून दिली. नाईक संतोष बोडके. डॉक्टर हॉलवे. नवा भाडेकरू आला की विचारतो, हा हॉलवे कोण?

"माज्या संतोषला धरून बसला व्हता त्यो," काकी सांगतात. "मी न्हवते ना तितं."