न कापलेली पानं

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते, आणि माझ्या संदर्भसूचीतला एक लेख मी डोळ्यांनीसुद्धा पाहिला नव्हता. कारखान्यातल्या नेतृत्वावरचा तो लेख मी सरांच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्याच पुस्तकातल्या तळटीपेतून उचलला होता. सगळेच उचलत. पण बाहेरून येणारे परीक्षक तोंडी परीक्षेत एखादा संदर्भ काढून 'यात काय आहे, सांगा' म्हणतात, असं कुणीतरी सांगितलं आणि माझी पाचावर धारण बसली. आमच्या तंजावरी मराठी घरातून इतकी शिकणारी मी पहिलीच होते. नापास झाले तर नातेवाइकांना पुढची दहा वर्षं विषय पुरला असता.

माझे वडील, अप्पा, म्हणाले, "भितेस कां ग इतकी? जा, वाचून ये बेगी."

मद्रासमधल्या आमच्या तिरुवल्लिकेणी भागातून बस पकडून मी एका जुन्या ग्रंथालयात गेले. लेख इथेच वाचल्याचं सरांनी पुस्तकात आभार मानून लिहिलं होतं. कार्डांचे खण उपसता उपसता दुपार झाली. शेवटी एक मळकं कार्ड सापडलं. लेख ज्या नियतकालिकात छापला होता, त्याच्या त्या अंकाची मद्रासभर ही एकच प्रत होती. मी चिठ्ठी भरून दिली. म्हाताऱ्या शिपायानं तासाभरानं अंक आणला, उघडून पाहिला आणि तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, याची पानंसुद्धा कापलेली नाहीत." मग लाकडी पट्टी घालून त्यानं दुमडलेल्या कडा एकेक करून सोडवल्या.

म्हणजे छापून आल्यापासून हा अंक कुणी उघडलाच नव्हता; सरांनीही हा लेख वाचला नव्हता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!

वाचायला बसले तर आणखीच पंचाईत. कडक साहेबाच्या हाताखाली जास्त काम होतं, याला आधार म्हणून सरांनी तो लेख दिला होता. मीही तेच उतरवलं होतं. लेखात उलटं होतं: अशा साहेबापुढे माणसं गप्प बसतात आणि चुका लपवतात.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत उभी होते. प्रबंध सादर करायचा माझा फॉर्म त्यांच्या पुढ्यात होता, पेनचं टोपण काढलेलं.

"लेख मिळाला?"

"मिळाला, सार."

"मी लिहिलंय तसंच आहे ना?"

खरं बोलले तर सही होणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

"होय, सार."

त्यांनी सही केली. परीक्षकांनी त्या लेखाबद्दल काही विचारलं नाही. मी पास झाले, घरात गोडाचं पायसम झालं.

पुढे मी शिकवू लागले. काही वर्षांनी एका मुलीच्या तोंडी परीक्षेला मी परीक्षक म्हणून गेले. तिच्या प्रबंधात कडक साहेबाचं तेच वाक्य होतं आणि खाली आधार म्हणून माझा प्रबंध.

"मूळ लेख पाहिलास?" मी विचारलं.

"हो, मॅडम," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता ती समोरची पानं सारखी करू लागली. मला तिची दया आली, आणि त्याहून जास्त माझंच खोटं उघडं पडेल याची भीती वाटली. मी पान उलटून पुढचा प्रश्न विचारला.