नुसते ओठ हलव

पोरीला खोटं वागायला मीच शिकवलं.

पहिलीच्या वर्गात डबा उघडण्याआधी श्लोक म्हणतात. डोळे मिटून, हात जोडून. आमच्या घरी देव नाही. देव्हारा नाही, उपास नाही. लग्नही आम्ही दोघांनी नोंदणी करून केलं. जुईला श्लोक कुठून येणार? तिनं विचारलं, "बाबा, मी काय करू?" शाळेत जाऊन बोलणं माझं काम होतं. पण नांदेडातल्या त्या शाळेत प्रवेश मोठ्या मुश्किलीनं मिळालेला. मी सोपी वाट सांगितली. "नुसते ओठ हलव. कुणाला कळत न्हाई."

कळलं. बाईंनी तिला एकटीला उभं केलं. आवाज निघेना. ती खरं ते बोलली, "बाबांनी सांगितलं नुसते ओठ हलव." वर्ग हसला. बाईंनी तिला डब्यासकट दाराबाहेर बसवलं. चपलांपाशी. "श्लोक आला की आत यायचं."

मग मला बोलावणं आलं. मुख्याध्यापिका खुर्चीत, वर्गाच्या बाई बाजूला. मी उभा. जुईनं माझा शर्ट धरलेला.

"काय करता आपण?"

"मोटार दुरुस्तीचं दुकान हाय मॅडम. अर्धापूरकडच्या केळीच्या बागांतल्या पाण्याच्या मोटारी."

त्यांनी माझ्या काळ्या नखांकडं पाहिलं. "घरात देव नाही म्हणते ही. म्हणजे तुम्ही नेमके कोण? आडनावावरून कळत नाही, म्हणून विचारते. आमच्याकडे चांगल्या घरची मुलं येतात हो."

बाई गालात हसल्या.

हा प्रश्न माझ्या ओळखीचा. कंधारहून आलो, खोल्या शोधल्या, तेव्हा घरमालक विचारायचे, "देव्हारा कुठं ठेवणार?" देवाचं त्यांना काही पडलेलं नसायचं. जात हवी असायची. तेव्हा मी पायऱ्या उतरून निघून यायचो. त्या दिवशी मात्र माझे पाय हलले नाहीत.

"तसं काही न्हाई मॅडम. देव हाय आमच्या घरी. पोरगी कायबी बोलते."

"आणि ओठ हलवायचं?"

"मी न्हाई सांगितलं."

जुईनं माझा शर्ट सोडला.

"बघ," बाई तिला म्हणाल्या, "वडिलांच्या नावावर खोटं? माफी माग त्यांची."

माझ्या पोरीनं माझ्यापुढं हात जोडले. "सॉरी, बाबा."

मी ती माफी घेतली. उभ्या उभ्या घेतली.

घरी बायकोनं सगळं ऐकलं. एवढंच म्हणाली, "पोरगी खोटी अन् तुम्ही खरे, हाव ना?"

डबा भरलेला परत येऊ लागला. जुई म्हणाली, "चपलांपाशी भूक लागत न्हाई." रागानं नाही. नुसती माहिती दिल्यासारखी. माझ्याकडं न बघता.

त्यानंतर एक दिवस दुकान अर्ध्यात बंद केलं. डब्याच्या वेळेला शाळेत गेलो. हातांचं ऑइल धुतलं नाही. आत श्लोक चालला होता, बाहेर चपलांच्या रांगेला माझी मुलगी. मी तिच्या शेजारी खाली बसलो. श्लोक संपू दिला. ज्यांना म्हणायचा त्यांनी म्हणावा. मग तिचा हात धरून आत नेली, बाकावर बसवली.

"अहो, असं वर्गात येता येत नाही!" बाई म्हणाल्या.

"ती श्लोक म्हणणार न्हाई. ओठबी हलवणार न्हाई. डबा हितं बसून खाईल. नाव काढायचं असंल तर कशापायी काढलं ते लिहून द्या. ते घेऊन मी गप बसणार न्हाई."

"आणि देव आहे म्हणाला होतात ते?"

सगळी पोरं बघत होती. बरं झालं. ज्यांच्यासमोर तिचं हसं झालं होतं, तीच ही पोरं.

"न्हाई आमच्या घरी देव. खोटं मी बोललो. भ्यालो होतो. ओठ हलवायला मीच सांगितलं होतं. जुई खरं बोलली होती."

मग मी तिच्याकडं वळलो. तिनं जोडले होते तसेच हात जोडले, त्या काळ्या नखांसकट.

"चुकलं माझं, जुई. मला माफ कर."